गाडीची किल्ली आणि वाढते वय

"डॉक्टर, दोन मिनिटांचे काम आहे" असे म्हणत टेबलावर ठेवला जाणारा कागद दोन मिनिटांचा क्वचितच असतो. गेल्या दिवाळीनंतर असाच एक कागद माझ्यासमोर आला. तो फॉर्म १-ए होता. वयाची ४० वर्षे ओलांडलेल्या व्यक्तीला वाहन चालवण्याचा परवाना काढताना किंवा त्याचे नूतनीकरण करताना हे वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे लागते. आरटीओ कार्यालयाच्या दृष्टीने तो एक सोपस्कार. माझ्या दृष्टीने मात्र ते एक आश्वासन आहे, आणि ते मी केवळ समोरच्या रुग्णाला देत नसतो. त्या रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक अनोळखी माणसाला देत असतो.

कागद घेऊन आलेले गृहस्थ ६८ वर्षांचे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून लिहीत आहे. आपण त्यांना 'काका' म्हणू. सोबत काकूही होत्या. काकांची सारी नोकरी वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत झाली. १९८५ साली वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आधाराने सुटे भाग बनवणारे अनेक लहानमोठे कारखाने उभे राहिले. आपल्या शहरातील एका संपूर्ण पिढीचा संसार दुचाकीच्या चाकांवर चालला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. ऐन तारुण्यात ज्या हातांनी या गाड्या जोडल्या, ते हात आता साठी-सत्तरीचे झाले आहेत, आणि त्यांतले बहुतेक आजही दुचाकीच चालवतात.

काकांचे मोटारसायकलवरील प्रेम नोकरीपुरते नव्हते. तरुणपणी पै-पै साठवून घेतलेली बुलेट त्यांनी अजून जपली आहे. तिचा गिअर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला, म्हणजे आजच्या गाड्यांच्या बरोबर उलट. निवृत्तीनंतर हे दांपत्य म्हैसमाळच्या डोंगराखाली, खुलताबाद तालुक्यातील आपल्या मूळ गावी राहायला गेले. थोडी शेती, सीताफळाची झाडे, दोन खोल्यांचे घर. आठवड्याचा बाजार, बँकेतील पेन्शन, काकूंच्या गुडघ्यांचे उपचार, सारे काही त्या गाडीवर अवलंबून.

परगावातला पाहुणा

त्यांची मुलगी फ्रान्समध्ये, तुलूझ शहरापासून दूर अशा एका खेड्यात राहते. "आता इकडेच या," असा तिचा आग्रह. काका-काकू तीन महिने तेथे राहूनही आले. मला वाटले होते, तेथील थंडीने किंवा जेवणाने ते कंटाळले असतील. काका म्हणाले, "डॉक्टरसाहेब, गाव फार सुंदर. रस्ते असे, की कुणालाही गाडी काढावीशी वाटावी. रविवारी सकाळी पिकल्या केसांचे लोक मोठमोठ्या मोटारसायकलींवरून पाव आणायला चौकात येत. त्यांतले कितीतरी इंग्लंडहून निवृत्तीनंतर तिथे येऊन स्थायिक झालेले. मी मात्र खिडकीत बसून बघायचो. भाषा येत नाही, गाडी नाही. औषधाच्या दुकानात जायचे तरी मुलीच्या मोटारीची वाट बघायची. तीन महिन्यांत मला कळले, की किल्ली नसलेला म्हातारा म्हणजे काय."

त्यांचे हे शेवटचे वाक्य मी विसरलेलो नाही. फ्रान्सच्या ग्रामीण भागातही बससेवा तुटपुंजी आहे आणि डॉक्टरांची कमतरता हा तेथील जुना, जाहीरपणे बोलला जाणारा प्रश्न आहे. निसर्गरम्य खेड्यातील निवृत्त जीवन वाहन चालवता येते तोवरच निवांत असते, मग ते खेडे दक्षिण फ्रान्समधील असो की म्हैसमाळच्या पायथ्याचे.

त्या देशाची शिस्तही पाहण्यासारखी आहे. मोटारसायकलस्वाराला तेथे हेल्मेट १९७३ पासून सक्तीचे आहे, प्रमाणित हातमोजे २०१६ पासून, आणि २०२४ पासून मोटारसायकलीची ठरावीक काळाने तांत्रिक तपासणीही करून घ्यावी लागते. गाडीची तपासणी होते. पण सामान्य परवाना असलेल्या वृद्ध चालकाची वयानुसार वैद्यकीय तपासणी सक्तीची नाही. ब्रिटनमध्ये ७० व्या वर्षानंतर दर तीन वर्षांनी परवाना नवा करावा लागतो, तर जपानमध्ये ७५ वर्षांवरील चालकांची स्मरणशक्ती आणि आकलन तपासले जाते. आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीनुसार ५५ व्या वर्षानंतर मिळणारा परवाना पाच वर्षांचा असतो आणि सोबत डॉक्टरची सही लागते. म्हणजे कायद्याने एक चांगली संधी आपल्या हाती दिली आहे. आपण तिचे काय करतो, हा खरा प्रश्न.

माझ्या दोन चुका

येथे मला दोन गोष्टी प्रांजळपणे सांगायला हव्यात.

काही वर्षांपूर्वी, एका सोमवारी दवाखाना तुडुंब भरलेला असताना, परिचयाच्या एका ज्येष्ठांच्या फॉर्मवर मी खुर्चीतून न उठता सही केली. पंधरा वर्षांचा रुग्ण, प्रकृती ठणठणीत, तपासायचे काय, असा माझा समज. काही महिन्यांनी दिवेलागणीच्या वेळी त्यांच्या स्कूटरची धडक रस्त्याच्या कडेने घरी निघालेल्या एका मजूर बाईला बसली. तिच्या पायाचे हाड मोडले आणि हंगामाची मजुरी बुडाली. पुढे तपासणीत त्या गृहस्थांच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघाला. समोरचे त्यांना स्वच्छ दिसत होते. कडेचे दिसत नव्हते. त्यांना ते ठाऊक नव्हते. मला ठाऊक असायला हवे होते.

दुसरी चूक याच्या नेमकी उलट. माझे वडील निवृत्त शिक्षक. त्यांची एम-८० रोज सकाळी गुलमंडीकडे जायची. सुपारी हनुमानाचे दर्शन, भाजी, मित्रांबरोबर चहा, असा ठरलेला क्रम. ७६ व्या वर्षी एकदा ओल्या रस्त्यावर ते घसरले. फारसे लागले नाही. पण आम्ही भावंडांनी घाबरून किल्ली लपवून ठेवली. विचारले नाही, तपासले नाही, पर्यायही दिला नाही. महिनाभर ते चिडले, नंतर गप्प झाले. सकाळी लवकर उठणे थांबले, मग दाढी करणे, मग पेपर वाचणे. अपघातातून आम्ही त्यांना वाचवले खरे. पण त्यांचा दिवसच आम्ही काढून घेतला होता, हे समजायला मला, डॉक्टर असूनही, फार उशीर झाला.

या दोन चुकांमधून जाणारी एक वाट आहे. ती जरा वेळखाऊ आहे. काकांबरोबर ती वाट धरायचे मी ठरवले.

"काका, सही देईन, पण आज नाही. उद्या सकाळी नेहमीसारखे खाऊन, नेहमीच्या गोळ्या घेऊन या. चष्मा जो रोज लावता तोच."

काका किंचित नाराज झाले. काकू मात्र पहिल्यांदाच बोलल्या, "बारकाईने तपासा, डॉक्टर. मागे मी बसते."

काय तपासावे?

*डोळे.* दिवसाच्या चांगल्या उजेडात २५ मीटरवरील मोटारीच्या नंबरप्लेटवरील अक्षरे वाचता येतात का, हा प्रश्न फॉर्म १-ए मध्ये आहे. दवाखान्याबाहेर उभे करून मी काकांना एक नंबर वाचायला सांगितला. चारपैकी दोन आकडे चुकले. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला होता आणि चष्मा सहा वर्षांपूर्वीचा होता. वाढत्या वयात बाहुली आकाराने लहान होते, त्यामुळे अंधुक प्रकाशात पूर्वीपेक्षा कमी दिसते. समोरच्या गाडीच्या प्रखर दिव्याने दिपलेले डोळे पूर्ववत होण्यासही अधिक वेळ लागतो. साठीनंतर वर्षातून एकदा नेत्रतज्ज्ञांकडून डोळ्यांचा दाब, पडदा आणि आवश्यकता वाटल्यास कडेची नजरही तपासून घ्यावी. चष्म्याच्या दुकानात नंबर काढणे म्हणजे डोळे तपासणे नव्हे.

*पाय.* काकांना १४ वर्षांपासून मधुमेह. डोळे मिटायला सांगून मी त्यांच्या पायांच्या बोटांना अगदी हलका स्पर्श केला. डाव्या पायाच्या दोन बोटांना झालेला स्पर्श त्यांना कळलाच नाही. ज्या पायाला स्पर्श कळत नाही, त्याला ब्रेक किती दाबला गेला हे तरी कसे कळणार? ही चाचणी घरीही करता येते. अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकांना कुणीतरी क्षणभर हलकेच बोट टेकवावे, दाबू नये. स्पर्श कळला नाही, तर डॉक्टरांना दाखवावे.

*तोल आणि ताकद.* हाताचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठता येते का? भिंतीजवळ, कुणी सोबत असताना, एका पायावर दहा सेकंद उभे राहता येते का? चालत्या गाडीवर तोल गाडीही सांभाळते. थांबलेल्या गाडीला केवळ आपला पाय सावरतो. ज्येष्ठ चालक पुष्कळदा वेगात नव्हे, तर सिग्नलपाशी किंवा अंगणात गाडी वळवताना पडतात. आजची बुलेट दोनशे किलोच्या आसपास भरते. स्प्लेंडरसारखी गाडी साधारण ११० किलोंची. ठिसूळ हाडांच्या माणसाच्या मांडीवर यांतली कोणती कलंडेल, हा फरक लहान नाही.

*मान आणि कान.* मान दोन्ही बाजूंना खांद्यापर्यंत वळते का? मागून येणाऱ्या ट्रकचा भोंगा ऐकू येतो का? मानेच्या दुखण्यामुळे केवळ आरशावर विसंबून वळणारे ज्येष्ठ मला नेहमी भेटतात.

*गोळ्या.* हा भाग सर्वांत दुर्लक्षित. काकांच्या पिशवीतून सात प्रकारच्या गोळ्या निघाल्या. प्रोस्टेटसाठी दिली जाणारी टॅम्सुलोसिन आणि रक्तदाबाची औषधे यांमुळे उठून उभे राहताच चक्कर येऊ शकते. सर्दीसाठी सहज घेतली जाणारी सेटिरिझिन किंवा क्लोरफेनिरामिन सुस्ती आणते. झोपेची अल्प्राझोलाम रात्री घेतली तरी सकाळी तिचा अंमल उरू शकतो. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि मराठवाड्याचा एप्रिल-मे एकत्र आले, की शरीरातील पाणी झपाट्याने कमी होते. इन्सुलिन, ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड घेणाऱ्यांनी निघण्यापूर्वी साखर मोजावी. ती ९० च्या खाली असेल, तर आधी खावे आणि पुन्हा मोजल्याशिवाय निघू नये. ७० च्या खाली गेली असेल, तर लगेच साखर किंवा ग्लुकोज घ्यावे आणि पूर्ववत झाल्यावरही किमान पाऊण तास गाडीला हात लावू नये. मात्र गाडी चालवायची म्हणून कोणतेही औषध परस्पर बंद करू नये.

सही झाली, पण अटींवर

त्या दिवशी मी सही केली नाही. काकांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, नवा चष्मा आला, रात्रीची एक अनावश्यक गोळी बंद झाली, रक्तदाबाच्या औषधाची वेळ बदलली. दोन महिन्यांनी ते पुन्हा आले आणि नंबरप्लेट त्यांनी एका दमात वाचली. पायांची संवेदना काही परतली नाही. मधुमेहात बिघडलेली नस बहुधा पूर्ववत होत नाही. मात्र पाय नेमका कुठे आहे याची जाण शाबूत होती आणि ब्रेक दाबण्याची ताकदही पुरेशी होती. मग आम्ही तिघांनी बसून काही गोष्टी ठरवल्या.

गाडी फक्त दिवसा चालवायची. आपल्या परिसरातील रस्त्यांवरच चालवायची. दौलताबादची अरुंद कमान, पुढचा घाट आणि पर्यटकांच्या मोटारींची गर्दी पार करून शहरात यायचे ते एसटीने. आणि एकाच प्रकारची गाडी चालवायची. उजव्या पायाच्या गिअरची बुलेट आणि डाव्या पायाच्या गिअरची दुसरी गाडी आलटून-पालटून चालवणे तरुणपणी जमते. परंतु संकटाच्या क्षणी मेंदू जुन्या सवयीकडे धाव घेतो आणि ब्रेकच्या जागी गिअर दाबला जातो. निवड काकांनी करायची होती. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हलकी, बटण स्टार्ट आणि बिनगिअरची घेतो. दोन्ही ब्रेक हातात येतील, पायाची चिंताच नको. बुलेट राहू दे पडवीत. रविवारी पुसून सुरू तर करता येईल ना?" सुरू करायला माझी हरकत नव्हती. मात्र नवी गाडी आणून, मोकळ्या मैदानात तिचा सराव झाल्यावरच मी फॉर्मवर सही केली.

काकूंसाठीही अटी होत्या. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट कायद्याने बंधनकारक आहे आणि ते आयएसआय चिन्हाचेच हवे. एका बाजूला पाय सोडून बसल्यावर गतिरोधकावर तोल जातो, पदर चाकात अडकतो. दोन्हीकडे पाय टाकून बसणे सर्वांत सुरक्षित. गुडघ्यांमुळे ते शक्य नसेल, तर पदर खोचलेला, साडी-गार्ड बसवलेले आणि पाय ठेवायला रुंद पायटा असावा. काकूंनी आता सलवार-कमीज शिवून घेतले आहेत. त्यांचे वय ६४.

कुटुंबीयांसाठी

गाडीवर नवे ओरखडे दिसणे, ओळखीच्या रस्त्यावर वळण चुकणे, नेहमीच्या कामाला दुप्पट वेळ लागणे, मागच्यांनी वारंवार भोंगे वाजवणे, नुसतेच 'जरा कलंडलो' असे सांगणे, ही लक्षणे दिसली, तर बोलायची वेळ आली असे समजावे. हे बोलणे अपघातानंतर, सर्वांसमोर, रागाच्या भरात करू नये. "बाबा, तुम्हाला आता जमत नाही" याऐवजी "बाबा, आपण दोघेही एकदा डोळे तपासून घेऊ" असे म्हणून पाहावे. किल्ली लपवू नये. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीची गोष्ट वेगळी.

काही बाबतींत मात्र तडजोड नाही. कारण न समजलेली बेशुद्धी किंवा फिट, वाढत चाललेला स्मृतिभ्रंश, तोल बिघडवणारा कंपवात, अर्धांगवायूनंतर उरलेला अशक्तपणा किंवा नजरेचा दोष, आणि साखर एकाएकी उतरून भान हरपण्याचे प्रसंग असतील, तर तज्ज्ञांनी लेखी परवानगी दिल्याशिवाय वाहन चालवू नये. काही वेळा ही परवानगी कधीच मिळत नाही, हे स्वीकारावे लागते.

आणखी एक गोष्ट घराघरात माहीत हवी. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारी अन्य गोळी घेणाऱ्या ज्येष्ठाच्या डोक्याला मार लागला, तर बाहेर जखम नसली तरी त्याच दिवशी रुग्णालयात दाखवावे. मेंदूभोवतीचा रक्तस्राव कधीकधी हळूहळू साचतो आणि डोकेदुखी, झोपाळूपणा, असंबद्ध बोलणे किंवा एका बाजूची कमजोरी ही लक्षणे कित्येक दिवसांनी, आठवड्यांनीही उमटतात. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक फोनमध्ये तर असावाच; खिशातील चिठ्ठीवर औषधांची नावे, रक्तगट आणि घरच्यांचा नंबरही असावा.

गाडी बंद करायची वेळ आली, तर त्याआधी पर्याय उभा करावा. एसटीमध्ये ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना राज्यात मोफत प्रवास आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना आणि सर्व महिलांना निम्मे भाडे. गावातील एखाद्या रिक्षावाल्याशी आठवड्याचे दोन दिवस ठरवून ठेवता येतात. माझ्या वडिलांसाठी रोज सकाळी तासभर एखादी रिक्षा ठरवणे आम्हाला जड नव्हते. ते सुचले नाही, एवढेच.

काका आता दर सहा महिन्यांनी येतात. कायद्याने त्यांना पाच वर्षांची मुदत आहे. आमची मुदत सहा महिन्यांची. एक दिवस मी "आता पुरे" म्हणेन, हे त्यांना ठाऊक आहे, आणि त्या दिवसासाठी एसटीचे वेळापत्रक त्यांनी आतापासून पडवीच्या भिंतीवर लावून ठेवले आहे. मुलीने पुन्हा बोलावले आहे. या वेळी जाण्याआधी ते थोडी फ्रेंच शिकत आहेत, पाव स्वतः जाऊन आणता यावा म्हणून.

वाचकहो, आपल्या घरात कुणी ज्येष्ठ दुचाकी चालवत असतील, किंवा ते ज्येष्ठ आपणच असाल, तर येत्या रविवारी सकाळी एवढेच करा. रस्त्यापलीकडे किंवा मैदानात उभ्या असलेल्या मोटारीपासून साधारण ४० पावले मागे या. रोजचा चष्मा लावा आणि तिचा नंबर वाचा. चुकला, तर गाडी घरी ठेवून डोळे दाखवायला जा. बरोबर आला, तरी वर्षभराने पुन्हा वाचा.

— लेखक छत्रपती संभाजीनगर येथे सामान्य वैद्यकीय व्यवसाय करतात.